टाके, टँक आणि टोपली

इतिहासाच्या पुस्तकांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. राजा गादीवर कधी बसला, ते त्यात असते. स्वारीवर किती वेळा निघाला, ते असते. मुदपाकखान्यात रोज किती मण तांदूळ शिजत, तेही एखादा चिकाटीचा संशोधक कागद चाळून काढतो. पण त्या तांदळाचे पुढे काय झाले, या मुद्द्यापाशी आले की समस्त इतिहासकारांना खोकल्याची उबळ येते आणि ते पान उलटतात. 'लाखाची फौज महिनाभर माळावर तळ देऊन होती' असे वाक्य वाचले की इतरांच्या डोळ्यांपुढे हत्ती, घोडे आणि फडफडणारी निशाणे उभी राहतात. मला आपली त्या माळाच्या मालकाची काळजी वाटू लागते.

म्हणून हा राहून गेलेला इतिहास आज थोडा सांगावा म्हणतो. आणि तो नगरच्या माणसानेच सांगावा, यात औचित्यही आहे. (जिल्ह्याचे नाव २०२४ सालापासून अहिल्यानगर झाले आहे. पण एसटीचा कंडक्टर पूर्वीही 'नगर, नगर' असेच ओरडायचा आणि अजूनही बऱ्याचदा तसेच ओरडतो, तेव्हा सवयीने मीही नगरच म्हणणार. अहिल्याबाई आमच्याच जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्या घरच्या माणसाचे बोलणे मनावर घेणार नाहीत.)

तर नगर हे टँकांचे गाव. लष्कराच्या चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र इथे आहे आणि १९९४ साली उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. पाहुणा आला की नगरकर त्याला आधी चांदबिबीचा महाल दाखवतो, मग किल्ला, आणि शेवटी रणगाडे. १९६५च्या लढाईत पाडाव केलेल्या पॅटनपाशी उभे राहून तो अशा अभिमानाने बोलतो, की जणू ह्यानेच तो शेपटीला धरून ओढत आणला.

पण 'टँक' हा शब्द मुळात लष्करी नाही. तो पाण्याचा आहे, आणि गंमत म्हणजे तो आपलाच आहे. गुजरातीतले टांकुं आणि मराठीतले टाके ऐकून इंग्रजांनी तो उचलला आणि पोर्तुगीजांच्या तशाच एका शब्दाने त्याला हातभार लावला, असे इंग्रजी कोशकारच सांगतात. आमच्या अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. ती खोदणाऱ्याला कोणी सांगितले असते, की बाबा रे, तुझा हा शब्द विलायतेला जाऊन, अंगावर पोलादी पत्रे चढवून आणि तोफ घेऊन परत येणार आहे, तर त्याने छिन्नी खाली ठेवली असती.

हे घडले कसे? १९१५ साली इंग्रजांनी गुपचूप हे यंत्र बांधायला घेतले. कारखान्यातल्या माणसांना काहीतरी थाप मारायला हवी होती. रशियासाठी पाणी वाहून नेणाऱ्या गाड्या, म्हणजे 'वॉटर कॅरियर्स', असे नाव कोणीतरी सुचवले. पण सरकारी कचेरीत कुठल्याही नावाची आद्याक्षरे होतात, आणि या नावाची आद्याक्षरे झाली डब्ल्यू. सी.! साम्राज्याचे सर्वांत गुप्त हत्यार आणि नाव संडासाचे! साहेबांना ते कसे मानवणार? म्हणून वॉटर कॅरियर गेले आणि वॉटर टँक आले, असे सांगतात. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर हे टँक पहिल्यांदा धावले. थोडक्यात, नगरच्या संग्रहालयातला एकेक वीर संडास होता होता वाचलेला आहे.

टाके आणि संडास यांचे नाते मात्र तुटले नाही. ते कसे जुळले, ते आता पाहू.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीने नगर वसवले. त्या बादशहांना पाण्याचे भारी वेड. कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा आसपासच्या गावांतून जमिनीखालून खापराचे नळ टाकून त्यांनी शहरात पाणी खेळवले. फराहबाग तर तलावाच्या मधोमध बांधली. पाणी गावात आणण्यासाठी एवढी बुद्धी, एवढा पैसा, एवढे स्थापत्य! आणि गावातून जे बाहेर न्यायचे त्यासाठी? त्यासाठी एक टोपली आणि एक माणूस. शास्त्र संपले.

पुढे १७०६ साली औरंगजेब नगरला आला आणि १७०७ साली भिंगारजवळच्या छावणीत त्याचा देह पडला. त्याची छावणी म्हणजे चालते शहर. कृष्णाकाठी गलगल्याला ती छावणी १६९५ साली जेमेल्ली कारेरी नावाच्या इटालियन प्रवाशाने पाहिली. तिचा घेर तीस मैलांचा असल्याचे त्याने लिहून ठेवले. मोगल बादशहा तंबूंचे दोन संच बाळगीत. एका संचात मुक्काम असे, दुसरा पुढच्या मुक्कामावर आधीच जाऊन उभा राही. त्याला पेशखाना म्हणत. पेशखान्याची इतिहासात तपशीलवार नोंद आहे, पायखान्याची नाही. छावणी पुढे जाताना मागे काय राहिले आणि ते कोणी निस्तरले, हे बखरीत येत नाही. राजे गेले, छावण्या हलल्या; टोपली आणि माणूस तेवढे जिथल्या तिथे राहिले.

ती टोपली अगदी कालपरवापर्यंत आमच्या वाड्यात होती. नव्या पिढीला म्हणून सांगतो. वाड्याच्या मागच्या अंगाला दोन-तीन दगडी पायऱ्या चढून जायचे, वर फळीचे कुरकुरणारे दार, खाली डांबर फासलेली टोपली किंवा पत्र्याचा डबा. टोपलीला मागच्या बोळात उघडणारे एक झाकण असे. रोज सकाळी त्या बोळातून बाई येई, टोपली ओढून घेई, गाडीत रिती करी आणि पुढच्या घराकडे जाई. मराठी भाषा या कामी मोठी सोज्ज्वळ. आम्ही परसाकडे जायचो, बहिर्दिशेला जायचो, शौचाला जायचो. नाव घेताना तोंडाला विटाळ होऊ नये म्हणून आम्ही शब्दांची एवढी आरास मांडली. त्या बोळाला मात्र सगळे गाव त्या बाईच्या जातीच्या नावाने ओळखी. बाईचे स्वतःचे नाव वाड्यातल्या कोणाच्या तोंडून मी ऐकले नाही.

त्या अंधाऱ्या बोळात आमच्याच जिल्ह्यातला एक माणूस आपणहून शिरला होता, हे सांगितलेच पाहिजे. पांडुरंग महादेव बापट, म्हणजे सेनापती बापट. जन्म पारनेरचा, १८८० सालचा. विलायतेला शिकायला गेलेला हा बुद्धिमान तरुण पॅरिसला जाऊन बाँबची विद्या शिकून आला. असा माणूस गावी परतला म्हणजे त्याने काय करावे अशी अपेक्षा असते? बापट पहाटे उठून पारनेरचे रस्ते झाडू लागले आणि गावचे शौचकूप साफ करू लागले. मला वाटते, त्यांच्या बाँबपेक्षा त्यांचा झाडूच गावाला जास्त भयंकर वाटला असेल. बाँब फार तर सरकार उलथवतो. पंचपात्री-पळीवाल्याच्या हातातला झाडू आख्खी उतरंड हलवतो. बापटांच्या मुळशी सत्याग्रहावर व्याख्याने होतात, त्यांच्या नावाचे रस्ते तर गावोगावी आहेत. पण त्या रस्त्यांवर झाडू मारायला मात्र आजही पूर्वीच्याच वस्तीतली माणसे येतात.

१९४९ साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या हालअपेष्टांचा विचार करायला बर्वे समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहणे बंद व्हावे, असे तिने सांगितले. हळूहळू डोक्यावरची टोपली हातगाडीवर आली. सरकारी प्रगती अशीच असते. ओझे तेच, चाके तेवढी नवी.

खरी क्रांती केली ती टाक्याने. फ्रान्समध्ये मूरास नावाच्या गृहस्थाने १८६०च्या सुमारास एक बंद टाके बांधून घरातली सगळी घाण त्यात सोडली. काही वर्षांनी उघडून पाहतो तो आत मुख्यतः पाणीच! एवढा ऐवज गेला कुठे? डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंनी तो फस्त केला होता. मूरासने १८८१ साली पेटंट घेतले आणि या टाक्याला नाव मिळाले 'आपोआप मैला उपसणारा'. पुढे १८९५च्या सुमारास इंग्लंडात एक्सेटरच्या कॅमेरॉनने त्यात सुधारणा केली आणि सेप्टिक टँक हे नाव दिले. त्यातून निघणाऱ्या वायूवर त्याने दिवेही लावले. आपणही मागे नव्हतो बरे का! १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात असाच वायू वापरात आणला गेला. समाजाने ज्यांना अंधारात ढकलले, त्यांनी समाजाला नको असलेल्या वस्तूतून उजेड काढला. यावर एखाद्याने खंडकाव्य लिहायला हवे होते. पण आपले कवी तेव्हा चंद्राच्या उजेडात होते.

सेप्टिक टँकचे काम कसे चालते, ते प्रत्येक घरमालकाला ठाऊक असावे म्हणून सांगतो. टाकीत तीन थर होतात. वर साय, मध्ये पाणी, तळाशी गाळ. मधले पाणी पुढच्या शोषखड्ड्यात निघून जाते. जंतू बिचारे खातात, पण सगळेच पचवत नाहीत. गाळ चढत जातो. म्हणून दोन-तीन वर्षांनी टाकी उपसायची असते. ही साधी गोष्ट आपल्या मध्यमवर्गाने कटाक्षाने विसरून टाकली. आमच्याकडे लोक वाडे विकून सावेडीला बंगले बांधते झाले, तेव्हा वास्तुशांतीच्या सत्यनारायणाला आलेल्या प्रत्येकाला मालकांनी मार्बल दाखवला, मॉड्युलर ओटा दाखवला. टाकी कुठे आहे, हे खुद्द मालकांनाच माहीत नव्हते. तिच्यावर फरशी बसवून वर तुळशीवृंदावन बांधलेले मी स्वतः पाहिले आहे. जे दिसत नाही ते नाही, हे मायावादाचे तत्त्वज्ञान आपण एवढ्या एकाच क्षेत्रात पूर्णपणे आचरणात आणले.

रेल्वेने त्याही पुढे जाऊन टाकीच काढून टाकली. नगरवरून जाणारा दौंड-मनमाड मार्ग १८७८ सालचा. त्या मार्गावर इतकी वर्षे धावलेल्या गाड्यांच्या संडासाला वर भोक आणि खाली भारतवर्ष, एवढीच रचना होती. 'गाडी स्थानकात उभी असताना वापर करू नये', ही त्यावरची एकमेव अभियांत्रिकी उपाययोजना. तीही प्रवाशाच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोपवलेली! रूळ धुवायला अर्थात माणसेच होती. पुढे रेल्वेने संरक्षण संशोधन संस्थेच्या मदतीने डब्यांखाली जंतूंच्या टाक्या बसवल्या, आणि २०१९च्या सुमारास बहुतेक सगळ्या प्रवासी डब्यांना त्या लागल्या.

चाकांवरची टाकी मी प्रथम जवळून पाहिली ती मात्र अमेरिकेत, भाच्याकडे. त्याने मोटारीच्या मागे जोडायची घरगाडी घेतली आहे. आत पलंग, शेगडी, बेसिन आणि एक चिमुकला संडास. "मामा, दौलताबादचा किल्ला नाही, पण बघण्यासारखा आहे," असे म्हणून त्याने मला तो दाखवला. गाडीच्या पोटात दोन टाक्या. अंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची ती करडी टाकी; दुसरी काळी. काळ्या टाकीत काय असते, ते सुज्ञास सांगणे न लगे.

या काळ्या टाकीचे एक शास्त्र आहे, आणि भाच्याने ते मला एखाद्या घनपाठ्यासारखे म्हणून दाखवले. टाकीची झडप कायम बंद ठेवायची. उघडी ठेवली तर पाणी निघून जाते, घट्ट भाग मागे राहतो आणि त्याचा आत ढीग चढतो. तिकडचे लोक त्याला पिरॅमिड म्हणतात, आणि तो इजिप्तमधल्यासारखाच टिकाऊ असतो. दुसरे, पाणी सढळ हाताने ओतायचे. इथे काटकसर नाही. तिसरे, टाकी दोन-तृतीयांश भरल्याशिवाय रिकामी करायची नाही, कारण पाण्याचा जोर असला तरच सगळे वाहून जाते. चौथे, आधी काळी टाकी सोडायची आणि मागून करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. पाचवे, टाकी किती भरली ते सांगणाऱ्या दिव्यावर विश्वास ठेवायचा नाही. आतल्या काट्यांना कागद चिकटतो आणि रिकामी टाकीही भरलेली दाखवते. "दिव्यापेक्षा अंदाज बरा," भाचा म्हणाला.

टाकीत वास मारणारे निळे औषध घालतात. त्याच्या जुन्या प्रकारात फॉर्मलिनच्या जातीचे विष असे. वासाबरोबर जंतूही मरत. आणि मग ती टाकी ज्या मोठ्या सेप्टिक टँकमध्ये सोडायची, तिथले कामकरी जंतूही गारद होत. आपला वास जावा म्हणून दुसऱ्याच्या टाकीतले जंतू मारायचे, हा प्रकार शेजारधर्मात बसत नाही. आता जंतूंना न मारणारी औषधेही मिळतात.

मुक्काम हलवायच्या दिवशी आम्ही गाडी घेऊन टाकी सोडायच्या जागेवर गेलो. तिथे रांग होती. पुढे एक निवृत्त डॉक्टर, मागे कोणी शाळामास्तरीण. भाच्याने कोपरापर्यंत रबरी मोजे चढवले, नळी जोडली, गुडघे टेकून झडप ओढली, नळीतला आवाज कान देऊन ऐकला, नंतर करडी सोडली, सगळे धुतले, झाकण लावले आणि डॉक्टरांशी हवापाण्याच्या गप्पा मारत हात धुतले. पंधरा मिनिटांचे काम. मी बाजूला उभा राहून आमच्या वाड्याचा विचार करत होतो. मागच्या बोळातल्या बाईची सावली पडली तर पुन्हा अंघोळ करणारे आमचे आजोबा, आणि हा त्यांचा पणतू! आमच्या घराण्याच्या ज्ञात इतिहासात स्वतःची टाकी स्वतः उपसणारा हा पहिला पुरुष. मला त्याच्या इंजिनिअरिंगच्या पदवीचे कौतुक होतेच, पण त्या दिवशी जरा जास्त वाटले.

आता यावरून 'तिकडे सगळे कसे छान' असा सूर मी लावणार नाही. तिकडेही घरांच्या टाक्या उपसायला पंपाच्या गाड्या आणि पगारी माणसे येतातच. फरक एवढाच, की ते काम यंत्राचे आहे आणि माणूस यंत्राच्या बाहेर उभा असतो. आपल्याकडे अजूनही माणूस टाकीच्या आत उतरतो.

इथे विनोद थोडा बाजूला ठेवतो. बंद टाकीत मिथेन असतो आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. या दुसऱ्या वायूला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की तो आधी नाकाची शक्तीच मारतो. वास थांबला, म्हणजे हवा बरी झाली, असे आतल्या माणसाला वाटते, आणि तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. म्हणून अशा बातमीत बहुधा एकाचे नाव नसते. दोघा-तिघांची असतात, आणि पुष्कळदा ती एकाच घरातली असतात. टोपलीच्या संडासांवर १९९३ साली कायदा आला. २०१३ साली दुसरा आला. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणे हा त्याने गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूला दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. न्यायालयाला रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ माणसे अजून उतरताहेत. मेलेल्या माणसाचे नाव वर्तमानपत्रात छापून येते. मागच्या बोळातल्या त्या बाईला नाव नव्हते. ह्याला ते मिळते, पण केव्हा, ते पाहा.

आणि हे टाळता येते, हे आमच्या आसपासच्याच गावांनी दाखवले आहे. पारनेर तालुक्यातल्याच राळेगणसिद्धीने सार्वजनिक संडास गॅसच्या टाकीला जोडले. दोन खड्ड्यांचा संडास तर अगदीच साधा: एक भरला की दुसरा सुरू करायचा, भरलेला दीड-दोन वर्षे झाकून ठेवला की आत खत होते, त्याला ना वास ना किळस. संगमनेरच्या शेजारचे सिन्नर आणि साताऱ्याकडचे वाई, या नगरपालिकांनी २०१८च्या सुमारास ठरावीक वर्षांनी घरोघरची टाकी पंपाच्या गाडीने उपसून गाळावर प्रक्रिया करायची पद्धत सुरू केली. टाकी तुंबून शेजाऱ्यांनी बोंब मारायची वाट पाहायची नाही. पाणीपट्टीसारखेच तेही एक नित्याचे काम. कोणाला खाली उतरावे लागत नाही, कोणाला नाक दाबावे लागत नाही, आणि तुळशीवृंदावन वेळीच हलवावे लागते, एवढाच काय तो त्रास.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे, म्हणजे भाच्यासारख्या घरगाड्या आपल्याकडेही फिरणार. एखाद्या उन्हाळ्याच्या शेवटी काजवे पाहायला लोक भंडारदऱ्याला जातील, धरणाच्या काठी गाडी उभी करतील, आणि चार दिवसांनी करड्या-काळ्या टाक्या भरतील. भंडारदऱ्याचे धरण १९२६ सालचे. त्यातले पाणी प्रवरेतून खाली संगमनेरपासून नेवाशापर्यंत जाते. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तीही प्रवरेच्याच काठी. अंधारात कोणी पाहत नाही असे समजून एखाद्याने तिथे झडप ओढली, तर वरच्याची टाकी रिकामी होईल आणि खालच्याचा हंडा भरेल. गाडी भाड्याने देणाऱ्याला किती सीट, किती ॲव्हरेज, एसी चालतो का, हे आपण विचारतोच. त्यात एक प्रश्न वाढवायचा: टाकी कुठे आणि कोण रिकामी करणार? त्याने 'तुम्ही काळजी करू नका साहेब, आमचा माणूस आहे' असे सांगितले, तर तो माणूस कोण, त्याच्याजवळ पंप आहे का, आणि त्याचे नाव काय, हेही विचारून घ्यावे.